पाऊस दडला की जंगली धान जोर धरते, लोंबी गळायच्या आधी उपटा

पोळ्यानंतर पावसाने दडी मारली की आपल्या भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे सगळे आभाळाकडे पाहत बसतात, नाहीतर मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्यावरून भांडतात, आणि त्याच दिवसांत पुढच्या पाच-सहा वर्षांचं नुकसान बांधीत (धानाच्या शेतात) पेरलं जाते त्याकडे कोणाचं लक्ष नसते. जंगली धान म्हणतो मी, धानासारखंच दिसणारं तण. छत्तीसगडकडे त्याला करगा म्हणतात.

पावसाच्या एका खंडात ओळखीच्या भावाच्या बांधीत गेलो होतो, नहराच्या टोकाची जागा, पाणी पोचत नाही. भेगेत बोट अख्खं जात होतं. भरदुपारी एचएमटी वाणाच्या धानाचं पान गुंडाळून दाभणासारखं झालेलं आणि धुऱ्याजवळ (बांधाजवळ) पाच-सहा काड्या त्याच्यापेक्षा वीतभर उंच, पान सपाट पसरलेलं, फिकट हिरवं, लोंबीला लांब कुसळ. लोंबी तळहातावर धरून नुसती टिचकी मारली तर अर्धे दाणे हातात आले, बाकीचं धान अजून पोटरीत, लोंबी बाहेरच पडली नव्हती. तो म्हणे, राहू द्या ना भाऊ, तेही धानच होय, कापणीत येऊन जाईल.

नाही येत. कापणीपर्यंत ते लोंबीवर राहतच नाही, आधीच गळून मातीत जाते आणि तिथे वर्षानुवर्षं जिवंत पडून राहते, सगळं एकाच वर्षी उगवतही नाही. हे राहू द्याच मी दरवर्षी ऐकतो आणि याच्यानेच चांगल्या बांध्या वाया गेलेल्या पाहिल्या आहेत.

दुष्काळात ते काहून टिकते? जात तर एकच आहे, दोन्ही धानच. पण आपलं लागवडीचं वाण उभ्या पाण्यात भरघोस उतारा द्यावा म्हणून निवडलेलं, आणि जंगली धानाला कोणी पाणी दिलं नाही की खत दिलं नाही, जे तगलं तेच राहिलं. त्यातल्या बऱ्याच प्रकारांची मुळं खोल जातात, ताणात पान लवकर सुकत नाही. फुटवेही एकदम निसवत (लोंबी बाहेर काढत) नाहीत, म्हणून एका फुटव्याला खंड सापडला तरी दुसरा वाचते. सगळंच जंगली धान काटक असते असं नाही. काटक प्रकारांतला हा गुण चांगल्या वाणात आणायचं शास्त्रज्ञ पाहतात, ते त्यांनी करावं, आपल्या बांधीत मात्र कोरड्या वर्षी ते आपल्या धानाच्या वाट्याची ओलही पिते आणि युरियाही खाते.

म्हणून खंड पडला की रोज सकाळी धुऱ्यावरून एक चक्कर मारा. बारीक असताना ओळखू येत नाही (सावा हे गवत ओळखतो आपण, त्याच्या पानाच्या बुडाशी जीभ नसते, पण याला ती धानासारखीच असते). निसवलं की दिसते, तेच पंधरा दिवस आपल्या हातात आहेत. मुळासकट उपटा, नुसती लोंबी खुडली तर खालून फुटवा येते. दाणा भरला असेल तर धुऱ्यावर फेकू नका, पोत्यात भरून बाहेर नेऊन जाळा. माझा अंदाज असा की नहराच्या तोंडाशी आणि हार्वेस्टर ज्या बाजूने आत आला तिथे पहिले दिसते, तिकडूनच सुरुवात करा.

दुकानात मारायचं औषध मागू नका. बिस्पायरीबॅक सोडियम १० टक्के, एकरी १०० मिली, हे सावा दोन-चार पानांवर असताना चांगलं, पण ते धानाला न मारणारं औषध आहे म्हणून जंगली धानालाही मारत नाही. तरी निसवल्यावरही हातात बाटली देणारे आहेत, वर टॉनिकही देतात, तेही फुकटात नाही. तणनाशक सोसणारं वाण पेरूनही सुटका नाही: अमेरिकेत २००२ पासून तसं धान पेरलं, काही वर्षांत तो गुण परागातून तिथल्या लाल धानात (लाल तांदळाचं जंगली धान) गेला. बाटलीच्या पैशात उपटायला दोन बाया लावा.

बाकी कामं:
धुऱ्याची खेकड्याची बिळं बुजवणे.
ओल नसताना युरिया टाकू नये.
पाणी मोजकं असेल तर पोटरी ते फुलोऱ्यासाठी राखणे.
चुडाच्या (रोपांच्या झुबक्याच्या) बुडाशी तुडतुडे पाहणे, चुडात ५ ते १० दिसले तरच फवारणी.

ज्या बांधीत हे आहे तिथे पुढच्या साली पाऊस लांबला म्हणून आवत्या टाकू नका (रोवणीऐवजी बी फेकून पेरू नका), तीच मोठी चूक होते. पहिल्या पावसावर उगवू द्या, दहा-पंधरा दिवसांनी नांगरून चिखलात गाडा, मग ओळीत रोवणी करा आणि पाणी उभं ठेवा. ओळीच्या मधात उगवलं ते डोळे मिटून उपटा.

बियाणं घरचं असेल तर बांधी आजच ठरवा, उपटून साफ केलेली, आणि तिथे हार्वेस्टर घालू नका, विळ्याने कापा, तिचे कडपे आणि पुंजणं वेगळं ठेवा. ३ टक्के मिठाच्या पाण्याची प्रक्रिया जरूर करा, १० लिटरला ३०० ग्रॅम, पण त्यात पोचट दाणा तरंगतो, जंगली धानाचा भरलेला दाणा बुडीच जातो. म्हणून मूठभर दाणे सोलून पाहा. प्रमाणित बियाण्याच्या निकषात किलोला जंगली धानाचे जास्तीत जास्त ५ दाणे चालतात, तुमच्या एका मुठीतच दोन-तीन लाल निघाले तर ते बियाणं खायला काढा, पेरायला नको.