घरचा सर्व्हर सांभाळताना: आधी वही, मग बॅकअप, मग बाकीचं

कराडला आमच्या घरी टीव्हीच्या कपाटावरच्या फळीवर एक जुना थिंकपॅड लॅपटॉप रात्रंदिवस चालू असतो. हाच आमचा सर्व्हर. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आहे आणि माझ्या हौसेचे दोन प्रोग्राम. पहिला पावसाचा. पाटण तालुक्यातल्या गावी आप्पा रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात (हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो) आणि आकडा टेलिग्रामवर पाठवतात. दुसरा शोधाचा. आप्पांच्या जुन्या वह्या मी सवडीने टाइप करते. शब्द दिला की तो जिथे आलाय ते पान समोर येतं. पोटापाण्याचं काम पतसंस्थेत हिशेब बघण्याचं, हे संध्याकाळचं.

सर्व्हर उभा कसा करायचा यावर भरपूर लिहून झालंय, त्यामुळे इथे फक्त सांभाळण्याबद्दल सांगते. माझी कसोटी एकच: हा लॅपटॉप आज कायमचा बंद पडला, तर दुसऱ्या कुठल्याही मशीनवर हे सगळं एका संध्याकाळी परत उभं करता आलं पाहिजे. कोणतंही नवं सॉफ्टवेअर टाकण्याआधी मी त्याला ही कसोटी लावते.

वही

दोनशे पानी वही घ्या आणि सर्व्हरशेजारीच ठेवा. फाइलमध्ये लिहायचं तर तेही चालेल, फक्त ती फाइल त्याच सर्व्हरवर एकुलती एक राहता कामा नये. कोणतं पॅकेज टाकलं, कोणत्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमधली कोणती ओळ बदलली आणि का, एवढं लिहायचं. ते 'का' सोडू नका. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे (जर्नल म्हणजे सिस्टमने आपोआप ठेवलेला घडामोडींचा लेखाजोखा): "जर्नलची कमाल मर्यादा ५०० एमबी केली. मुळात डिस्कच्या १० टक्के किंवा ४ जीबी, यातलं कमी ते धरतं. आपली डिस्क लहान. सेवा रीस्टार्ट केली, डिस्क बघितली, जागा सुटली." पुढे कधी ही ओळ फाइलमध्ये दिसली तर ती कशाला घातली याचा शोध घ्यावा लागत नाही.

शेवटचं पान वेगळं राखा. डोमेनचं नूतनीकरण कधी, कोणत्या सेवेचं खातं कोणत्या ईमेलवर, बॅकअपचा पासवर्ड कुठे ठेवलाय हे तिथे. पासवर्ड लिहायचा नाही, त्याची जागा लिहायची.

वीज

घरच्या सर्व्हरसाठी मला जुना लॅपटॉप मिनी पीसीपेक्षा बरा वाटतो, कारण बॅटरी हाच त्याचा यूपीएस. पण कायम चार्जरला लावलेली, १०० टक्क्यांवर उभी राहिलेली बॅटरी लवकर खराब होते, कधी फुगते. थिंकपॅडला लिनक्समधूनच चार्जिंगची मर्यादा घालता येते. मी ८० टक्क्यांवर थांबवलंय. तरीही अधूनमधून लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा. डगमगला किंवा टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी त्याच दिवशी बदलायला न्या. झाकण मिटल्यावर तो झोपू नये म्हणून सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारा भाग) लॉगिनच्या कॉन्फिगमध्ये झाकणाची कृती 'इग्नोर' करून ठेवावी लागते. मिनी पीसी असेल तर वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय बायोसमध्ये असतो, तो चालू करा. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरत असाल तर डेटाबेस मेमरी कार्डावर ठेवू नका. सतत लिहून लिहून कार्ड निकामी होतं. यूएसबीला एसएसडी लावा.

राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्यायलाच हवा, नाहीतर वीज गेल्यावर सर्व्हर जागा आणि इंटरनेट बंद. बिलाची भीती बाळगू नका. लॅपटॉप सरासरी १५ वॉट घेतो असं धरलं तर महिन्याला सुमारे ११ युनिट होतात.

विजेवरूनच आणखी एक. ठरल्या वेळची कामं बहुतेक जण क्रॉन या लिनक्सच्या जुन्या वेळापत्रकावर लावतात. त्या वेळेला मशीन बंद असेल तर क्रॉन ते काम सोडून देतो आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघतो. सिस्टमडीच्या टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' हा पर्याय चालू केला की चुकलेलं काम मशीन सुरू झाल्याबरोबर होतं. पावसाळ्यात रात्री वीज जाणाऱ्या गावात राहत असाल तर बॅकअप टायमरवरच लावा.

दार बंद ठेवा

आपल्याकडे घरगुती इंटरनेटला बहुतेक वेळा स्वतःचा सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, अनेक ग्राहकांत मिळून एक असतो. राउटरवर १०० पासून सुरू होणारा, म्हणजे १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तुम्ही त्यातलेच. बाहेरून थेट घरात शिरता येत नाही म्हणून लोक हळहळतात. मला ते सोयीचंच वाटतं. टेलिग्रामच्या बॉटला (निरोप वाचणाऱ्या आपल्या प्रोग्रामला) बाहेरून कुणी हाक मारावी लागत नाही. आपला प्रोग्रामच टेलिग्रामला 'काही नवं आहे का' असं विचारत थांबतो, त्यामुळे एकही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडावा लागत नाही. आप्पांचा पाऊस असाच येतो. मला स्वतःला ऑफिसमधून घरच्या मशीनवर जायचं असेल तर टेलस्केल (आपल्याच मशीनांना जोडणारं खासगी जाळं) पुरतं. त्याच्या पोटात वायरगार्ड ही कुलूपबंद जोडणीची पद्धत आहे, जी २०२० पासून लिनक्स कर्नलचाच (लिनक्सच्या गाभ्याचा) भाग आहे.

एसएसएचला (दुरून मशीनवर लॉगिन करायची सोय) पासवर्ड बंद करा, फक्त 'की', म्हणजे किल्लीची फाइल, ठेवा. हा बदल करताना चालू असलेली खिडकी मिटू नका. दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतंय हे बघा, मगच पहिली बंद करा. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरत असाल तर हे ध्यानात ठेवा: डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातो. फायरवॉल लावलीय म्हणून निर्धास्त राहू नका, पोर्ट १२७.०.०.१ ला (मशीनच्या स्वतःच्याच पत्त्याला) बांधा म्हणजे तो मशीनच्या बाहेर दिसत नाही.

स्वतःची साइट चालवत असाल तर तिच्या एचटीटीपीएस प्रमाणपत्राकडे लक्ष हवं. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, आणि मुदत संपत आल्याचा ईमेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केलाय. आता ते आपणच बघायचं.

अपडेट

सुरक्षेचे अपडेट आपोआप होऊ द्या. डेबियनमध्ये त्यासाठी 'अनअटेंडेड अपग्रेड्स' नावाचं पॅकेज आहे. ते स्वतःहून मशीन रीबूट करत नाही, त्यामुळे नवा कर्नल उतरला तरी जुनाच चालू राहतो. मी दर रविवारी दुपारी रीबूट करते. याचा दुसरा फायदा मोठा आहे: सगळ्या सेवा आपोआप उठतात की एखादी हाताने सुरू केलेली होती, ते आपण समोर असतानाच कळतं.

घरी डेबियनची स्टेबल (पक्की तपासलेली) आवृत्तीच ठेवा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम घातलेलं चोरदार सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्याने त्याचा माग काढला. तो कोड डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये पोचला होता, स्टेबलमध्ये नाही. नव्या आवृत्तीची घाई नसणं ही घरच्या सर्व्हरसाठी खरी मिळकत आहे.

मोठा बदल मात्र टाळता येत नाही. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. एका आवृत्तीला साधारण तीन वर्षं पूर्ण आधार आणि पुढे दोन वर्षं एलटीएस (लांब मुदतीचा आधार) मिळतो, तेव्हा वेळ असतो, पण तो किती ते वहीत लिहा. पायथॉनवाल्यांनी खास लक्ष द्यावं. १२ मध्ये पायथॉन ३.११ होतं, १३ मध्ये ३.१३ आहे. जुनं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोग्रामच्या लायब्ऱ्यांची वेगळी जागा) ३.११ च्या फोल्डरमध्ये लायब्ऱ्या ठेवून बसलेलं असतं, नव्या पायथॉनला त्या सापडत नाहीत आणि प्रोग्राम उठत नाही. ते दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. पुसा आणि लायब्ऱ्यांच्या यादीवरून नवं करा. ती यादी आवृत्तीच्या आकड्यांसकट गिटमध्ये (कोडचे बदल राखणाऱ्या साधनात) असेल तर हे काही मिनिटांचं काम आहे.

बॅकअप

माझा सगळा डेटा एसक्यूलाइटमध्ये आहे आणि हौशी कामाला मी तेच सुचवीन. वेगळी सेवा चालवावी लागत नाही, डेटाबेस म्हणजे एक फाइल. पण चालू डेटाबेसची ती फाइल नुसती कॉपी करणं हा बॅकअप नव्हे. कॉपी चालू असताना मध्येच कुणी लिहिलं तर प्रत बिघडू शकते. डब्ल्यूएएल पद्धत चालू असेल तर ताज्या नोंदी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि मुख्य फाइलच्या प्रतीत येतच नाहीत. एसक्यूलाइटची स्वतःची 'बॅकअप' आज्ञा किंवा 'व्हॅक्यूम इन्टू' वापरा, आणि त्यातून निघालेली प्रत पुढे पाठवा.

पुढे पाठवायला मी रेस्टिक वापरते. ते मजकूर कुलूपबंद करून ठेवतं आणि न बदललेला भाग पुन्हा साठवत नाही. एक प्रत घरातल्या यूएसबी डिस्कवर जाते, जी एरवी काढून ठेवलेली असते. एक ठाण्याला भावाकडे, टेलस्केलवरून. रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा प्रती राखायच्या आणि बाकीच्या छाटायच्या. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर तो डेटा कुणीही परत काढू शकत नाही, म्हणून तो कागदावर, दोन घरांत.

परत आणून बघितलेला नसेल तो बॅकअप मी धरतच नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ऑफिसच्या बॅगेतला लॅपटॉप काढते, भावाकडची प्रत त्यावर उतरवते आणि तीन गोष्टी बघते: एसक्यूलाइटची अखंडतेची तपासणी 'ओके' म्हणते का, कालचा पाऊस त्यात आहे का, आणि नोंदींची संख्या सर्व्हरवरच्या आकड्याशी जुळते का. पतसंस्थेत रोज संध्याकाळी रोकड मोजून वहीशी ताळा घेतो, तसंच हे. जुळलं की वहीत तारीख आणि सही.

शांततेवर पाळत

बिघाड झाला की ईमेल येईल अशी सोय लोक करतात. मशीनच बंद असेल तर तो ईमेल पाठवणार कोण? उलटं करा. काम नीट झालं की प्रोग्रामने बाहेरच्या एखाद्या सेवेला खूण करायची, आणि ठरल्या वेळेत खूण आली नाही तर त्या सेवेने तुम्हाला कळवायचं. हेल्थचेक्स नावाची सेवा हेच करते. तिचा कोडही खुला आहे. माझ्या दोनच खुणा आहेत, बॅकअपची आणि पावसाची. जास्त ठेवल्या की माणूस बघायचं सोडून देतो. डिस्कची तब्येत स्मार्टमॉनटूल्स सांगतं. जुनी फिरती डिस्क असेल तर बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांचे आकडे बघा. ते वाढायला लागले की नवी डिस्क आणायची.

आपल्या भाषेतल्या डेटाबद्दल

इथे थोडं रेंगाळते, कारण हे मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला लागणार आहे.

आप्पा आकडे देवनागरीत पाठवतात: १२.४. पायथॉनचं 'फ्लोट' देवनागरी अंक सरळ वाचतं, काही करावं लागत नाही. एसक्यूलाइट मात्र वाचत नाही. तसाच मजकूर आत गेला आणि नंतर बेरीज केली तर तो शून्य धरला जातो, चूक दाखवतही नाही. म्हणून आत टाकण्याआधी आकड्यात रूपांतर करा. पाऊस नसेल तेव्हा आप्पा 'निरंक' लिहितात, त्याचा शून्य करायचा. ज्या दिवशी निरोपच आला नाही त्या दिवशी शून्य टाकायचा नाही, जागा रिकामी ठेवायची. शून्य ही मोजलेली नोंद आहे. हा फरक पाळला नाही तर वर्षाची सरासरी खोटी निघते. ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की माझा प्रोग्राम खूण करतो, कारण महसूल मंडळात २४ तासांत एवढा पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी धरतात.

शोधासाठी एसक्यूलाइटचं एफटीएस ५ छान आहे, पण त्याचा मूळचा शब्द तोडणारा भाग फक्त अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही चिन्हं युनिकोडमध्ये अक्षरं नव्हेत, म्हणून तिथे शब्द तुटतो. 'पाणी' चे तुकडे प आणि ण. 'पुणे' चेही प आणि ण. विहिरीचं पाणी शोधायला जावं आणि पुण्याच्या प्रवासाची पानं समोर यावीत, असं होतं. टेबल तयार करताना टोकनायझरच्या (त्याच शब्द तोडणाऱ्या भागाच्या) पर्यायात वर्गांची यादी देता येते. मूळ यादीत 'एमसी' आणि 'एमएन' हे काना-मात्रांसारख्या चिन्हांचे दोन वर्ग वाढवा, म्हणजे शब्द अख्खे राहतात. आधीच केलेल्या टेबलला हे लागू होत नाही, ते नव्याने बांधावं लागतं. 'तऱ्हा', 'दुसऱ्या' असे शब्द लोक दोन पद्धतींनी टाइप करतात, एकीत मध्ये न दिसणारं जोडचिन्ह असतं. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घ्या.

जे वापरत नाही ते

दर पावसाळ्याआधी सर्व्हरवर चालू असलेल्या सेवांची यादी काढा आणि प्रत्येकीपुढे ती शेवटची कधी उघडली ते लिहा. जी आठवत नाही ती थांबवा, महिनाभर तशीच ठेवा. कुणी विचारलं नाही तर तिचा डेटा सीएसव्हीत काढा, कोड गिटमध्ये आहे याची खात्री करा, आणि सेवा, तिचा वापरकर्ता, तिचा टायमर हे सगळं काढून टाका. टायमर हमखास राहून जातो, तो आधी बघा. मग वहीत त्या प्रकल्पाच्या पानावर आडवी रेघ आणि डेटा कुठे ठेवला त्याची एक ओळ.