ऑपरेशनच्या आधीचे चार आठवडे: अंगात ताकद कशी आणावी

ऑपरेशनची तारीख ठरली की घरातले सगळे मिळून पेशंटला पलंगावर बसवतात. "तुम्ही काही करू नका, आराम करा, पुढे ताकद लागणार आहे." माझ्या वडिलांच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आम्हीही हेच केलं. सकाळी दूध आणायला जाणं बंद, जिना बंद. दहा दिवसांनी भूलतज्ज्ञांनी विचारलं, "काका, न थांबता दोन मजले चढता का?" बाबांनी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. उत्तर कुणालाच देता येईना, कारण दहा दिवस आम्ही त्यांना चढूच दिलं नव्हतं.

तो प्रश्न गप्पांचा नव्हता. मोठ्या ऑपरेशननंतर जखम भरून येण्यासाठी शरीराला कित्येक दिवस जास्त ऑक्सिजन लागतो आणि हृदय-फुफ्फुसांना ते जादा काम झोपल्याजागी करावं लागतं. दोन मजले चढताना धाप लागून थांबावं लागत असेल, तर हे काम जड जाण्याची शक्यता वाढते. शिवाय म्हातारपणी पलंगावर पडून स्नायू फार वेगाने झिजतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू गेले. आम्ही बाबांना "आराम" देऊन नेमकं तेच करत होतो.

पहिली पायरी: विचारा

सर्जन किंवा भूलतज्ज्ञांना सरळ विचारा, "ऑपरेशनपर्यंत रोज व्यायाम केला तर चालेल का, आणि किती?" महाधमनीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) फुगा असेल, हृदयाची झडप फार अरुंद झाली असेल किंवा बसल्याबसल्या छातीत दुखत असेल, तर परवानगीशिवाय काहीही सुरू करू नका. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचे उपचार आधी. रक्त कमी असताना जोर काढून फक्त चक्कर येते. आणि व्यायामासाठी वेळ हवा म्हणून कॅन्सरचं ऑपरेशन स्वतःच्या मनाने पुढे ढकलू नका. हातात दोनच आठवडे असले तर दोन आठवडे करा.

दुसरी पायरी: आज कुठे आहात ते मोजा

हात नसलेली, साधारण दीड फूट उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे घ्या. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते दुसऱ्याला मोजायला सांगा. 65 ते 69 वयाच्या पुरुषाला बारापेक्षा आणि बाईला अकरापेक्षा कमी वेळा जमलं, तर पाय कमजोर आहेत असं समजतात. आकडा कॅलेंडरवर लिहा. बाबांचा आकडा आठ होता आणि त्यांना त्याचा रागच आला. तो राग पुढे फार उपयोगी पडला.

तिसरी पायरी: चाला, पण फिरल्यासारखं नाही

बागेत ओळखीच्यांशी थांबतथांबत गप्पा मारणं या हिशोबात धरू नका. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. सुरुवातीला दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. दर दोन-तीन दिवसांनी थोडी मिनिटं वाढवत आठवड्यातले पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत या. ते जमलं की मध्येमध्ये एक-दोन मिनिटं झपझप चाला आणि पुन्हा वेग कमी करा. मेटोप्रोलॉलसारखी नाडी संथ ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडी मोजून काही कळत नाही, तिथे बोलण्याचीच खूण धरा. मधुमेह असेल तर खिशात साखर ठेवा. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा धाप थांबेचना, तर बसा आणि डॉक्टरांना कळवा.

चौथी पायरी: खुर्ची

एकच व्यायाम करायचा असेल तर मी हा सांगेन. हात न टेकता उठायचं, तीन मोजत हळूहळू बसायचं. आठ-दहा वेळा, मध्ये विश्रांती, असे दोन-तीन फेरे, एक दिवसाआड. सुरुवातीला जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. उठताना श्वास सोडा, कोंडून धरू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो.

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापलेलं असतं. ते जुळेपर्यंत हातांवर जोर देऊन उठायला मनाई असते. म्हणजे संडासाच्या कमोडवरून उठायचं तेही निव्वळ मांड्यांच्या बळावर. ही सवय आधी असलेला माणूस पहिल्या आठवड्यात कुणाला हाका मारत बसत नाही.

पाचवी पायरी: तीन गोळ्यांचं यंत्र

पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीत चीर असली की दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुफ्फुसांच्या तळाशी कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. त्यासाठी औषधांच्या दुकानात स्पायरोमीटर, म्हणजे तीन रंगीत गोळे असलेलं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र मिळतं. बाबा चार दिवस त्यात फुंकत होते. गोळे हलेनात, तेव्हा यंत्र बिघडलंय असं त्यांनी जाहीर केलं. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. आधी श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश आत ओढा, गोळा वर तीन सेकंद धरा, मग नळी काढून श्वास सोडा. दहा वेळा. गरगरलं तर थांबा. तिन्ही गोळे झटक्यात उडवण्यात काही पराक्रम नाही, एकच गोळा जास्त वेळ तरंगता ठेवणं जास्त चांगलं.

सोबत खोकायचाही सराव करा: उशी पोटाशी घट्ट दाबून दोनदा जोरात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पोटाचं ऑपरेशन होणाऱ्या 441 जणांवर एक चाचणी झाली, ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. ऑपरेशनपूर्वी अर्धा तास फिजिओथेरपिस्टने श्वासाचे व्यायाम समजावून शिकवले त्यांच्यात फुफ्फुसांचा त्रास 12 टक्के लोकांना झाला, नुसतं माहितीपत्रक मिळालेल्यांत 27 टक्के. सगळ्या व्यायामांचे निकाल इतके सरळ नाहीत. त्याच वर्षी बार्सिलोनातल्या अभ्यासात आधी व्यायाम केलेल्यांच्या गुंतागुंती निम्म्यावर आल्या, तर 2020 मध्ये मॉन्ट्रियलला फार अशक्त रुग्णांत फरक दिसला नाही. म्हणूनच ताकद पार संपायची वाट पाहू नये असं मला वाटतं.

सहावी पायरी: ताट

स्नायू चहा-खारीवर वाढत नाहीत. या काळात किलोमागे साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 72 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर वरणात तितकीच, तीही वरण घट्ट असेल तर. पनीर, फुटाणे, सोयाबीन वडी, मासे, चिकन, जे घरात चालतं ते प्रत्येक जेवणात हवं. उपवासाच्या खिचडीत प्रथिनं शेंगदाण्याच्या कुटातली, साबुदाण्यात जवळजवळ काहीच नाही. तेव्हा चार आठवडे एकादशी सोडली तर देव समजून घेईल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

बिडी-सिगारेट आजच बंद. निदान चार आठवडे आधी सोडली तर गुंतागुंती कमी होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शेवटचा आठवडा: उठायची रंगीत तालीम

पोटाला टाके असताना उताणं झोपून सरळ उठता येत नाही. गुडघे दुमडा, ओंडक्यासारखं एका कुशीवर वळा, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा आणि कोपराने गादी ढकलत बसते व्हा. हे घरी दहा-वीसदा करा. गुडघा बदलणार असेल तर वॉकरने चालायला आणि वळायला आताच शिका. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडच्या खुर्चीची सोय आधी करून ठेवा, डिस्चार्जच्या दिवशी ती शोधत फिरू नका. शेवटचे दोन दिवस पाय दुखतील असं काही नको, साधं चालणं आणि श्वास पुरे.

तारीख पुढे गेली तर व्यायाम चालूच ठेवा. बाबांची नऊ दिवस पुढे गेली. आई म्हणाली, "आता तरी बसा." तोवर आकडा तेरावर आला होता. ते बसले, आणि हात न टेकता परत उठले. दवाखान्याच्या पिशवीत सगळ्यात वर आम्ही ते तीन गोळ्यांचं यंत्र ठेवलं, भूल उतरल्यावर पहिलं तेच लागतं.