शिकागोचा गारवा वाशीतून वाचताना

परभणीहून बी.एस्सी. ॲग्री करून वाशीत आलो, तेव्हा धान्य-तेलबियांच्या दलालीच्या ऑफिसात अमेरिकी पिकांवर रोज टिपण लिहायचं काम मिळालं. पहिल्याच जुलैत आयोवात (तिकडचं मक्याचं मोठं राज्य) पारा सरासरीच्या खाली गेला, वादळी पाऊस सुरू झाला. मी लिहिलं, ‘पिकाला अनुकूल.’ मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला जुलैतला गारवा म्हणजे दिलासाच. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, “मका कोणत्या अवस्थेत आहे, पाहिलंस का?” मी पाहिलं नव्हतं.

या कामाला लागणाऱ्या प्रत्येकाने आधी उष्मांक-दिवस, म्हणजे वाढीसाठी पिकाला त्या दिवशी किती ऊब मिळाली याचा आकडा, हाताने काढायला शिकावं. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवायचं, दोनाने भागायचं, त्यातून १० वजा करायचे. कमाल ३० च्या वर गेलं तरी ३०च धरायचं, किमान १० च्या खाली गेलं तरी १०च. ३० आणि २० अंशांचा दिवस मक्याला १५ देतो, २४ आणि १२ अंशांचा फक्त ८. तिकडच्या बऱ्याच वाणांना पेरणीपासून पक्वतेपर्यंत साधारण १५०० लागतात. म्हणजे असा थंड पंधरवडा गेला की पीक आठवडाभर मागे पडतं आणि शरदातला पहिला हिमतुषार (पीक गोठवणारी थंडी) दाणा भरण्याआधी गाठतो.

पण तुरा येऊन गेल्यावर हाच गारवा उपकारक ठरतो. रात्री थंड असल्या की दाणा भरायला जास्त दिवस मिळतात. १९९२ चा उन्हाळा थंड होता, तरी अमेरिकेत मक्याचं एकरी उत्पादन त्या काळातलं विक्रमी, १३१ बुशेल आलं. १९९३ ही थंडच होतं, पण मिसिसिपीच्या खोऱ्यात पूर आला आणि उत्पादन १०१ वर उतरलं. (मक्याचं एक बुशेल २५.४ किलोचं.) ही दोन वर्षं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत. फरक पाण्याने पाडला: मुळं गुदमरली, नत्र वाहून गेलं, पेरण्या लांबल्या.

वादळातही अवस्थाच बघा. सहा पानांपर्यंत मक्याचा वाढीचा कोंब जमिनीखाली असतो, त्यामुळे गारांनी पानं फाटली तरी रोप उठतं. तुऱ्याच्या वेळी तीच गारपीट झाली तर फार मोठं नुकसान होतं. सोयाबीन बरंच सावरतं, कारण फुलोरा काही आठवडे चालतो आणि नव्या फांद्या फुटतात. पण थंड, ओल्या हवेत त्याच्यावर पांढरी बुरशी चढते, कॅनडातल्या कॅनोलावरही (मोहरीच्या जातीचं तेलबी पीक). वारा सुटला की पीक लोळतं. १० ऑगस्ट २०२० ला आयोवात आलेल्या वादळाने मक्याची लाखो एकर रानं आडवी केली. आपल्याकडे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना हे चित्र समजवावं लागत नाही.

गव्हाचं थोडक्यात: फुलोऱ्यात पाऊस लागला तर ओंबीवर बुरशी येऊन दाण्यात विष तयार होतं, कापणीला लागला तर दाणा ओंबीतच मोड धरतो. टनांचा आकडा तसाच दिसतो, प्रत मात्र घसरते.

अमेरिकी कृषी खात्याचा पीकस्थितीचा अहवाल हंगामात दर सोमवारी येतो, आपल्याकडे मंगळवारच्या पहाटे. मी घणसोलीहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडतो आणि वाशी येईपर्यंत एकच रकाना वाचतो: कोणत्या राज्यात किती टक्के मका तुऱ्यावर, किती चिकात. हवामानाचा नकाशा त्यानंतर उघडतो. आपण खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवतो, म्हणून शिकागोच्या वायदेबाजारात सोयातेलाचा भाव हलला की दुपारपर्यंत इथले फोन वाजू लागतात.

आणि शनिवारी वेळ काढून इथल्या धान्य बाजारात जा. पोत्यात नळी खुपसून काढलेला मका तळहातावर घ्या. हिरव्यात थांबलेला दाणा हलका आणि सुरकुतलेला लागतो, ओला दाणा नखाने दबतो. थंड साल संपलं की ऑक्टोबरात मी आधी ओलाव्याचेच आकडे मागतो.