मॉरिशसची दालपुरी करायची तर आधी पुरण विसरा

आमच्या बीडकडं हरभऱ्याची डाळ शिजायला टाकली की घरातले विचारतेत आज कोणता सण, म्हणून आधीच सांगते, दालपुरी म्हणजे डाळीची भुकटी भरून तव्यावर भाजलेली मऊ पातळ पोळी, यात गूळ नाही, वेलदोडा नाही अन् डाळ पुरणावानी गरगट तर मुळीच शिजवायची नाही. मी पहिल्यांदा सवयीनं कुकरला चार शिट्ट्या काढल्या, सगळा लगदा झाला, शेवटी गूळ घालून पोळ्याच केल्या.

तर वाटीभर डाळ दोन तास भिजवा आणि पातेल्यात भरपूर पाणी, हळद, मीठ घालून शिजवा. बोटानं दाबल्यावर फुटली पाहिजे पण दाणा अख्खा दिसला पाहिजे, तिथंच गॅस बंद. निथळा, येळवणी फेकू नका, त्यातच पीठ मळायचंय. डाळ कापडावर पसरून गार अन् कोरडी होऊ द्या, मग भाजलेलं जिरं टाकून मिक्सरला थांबत थांबत फिरवा, रव्यासारखी मोकळी भुकटी झाली पाहिजे. ओलसर राहिली तर गोळा होतो अन् लाटताना पुरी फाटती.

डाळ सुकेपर्यंत ही पुरी तिथं गेली कशी ते ऐका. मूळची बिहारकडची. 1835 ला मॉरिशसमधली गुलामी संपली, पण ऊस तोडायला माणसं तर पाहिजेतच, मग इंग्रजांनी 1834 पासूनच इकडून मजूर न्यायला सुरू केलं, 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख लोक, पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरवले. जास्त करून बिहारी, मुंबई बंदरातून कोकणातले मराठी पण. करार म्हणजे अ‍ॅग्रीमेंट, त्याचं गिरमिट झालं. एक खाडा पडला की दोन दिवसांची मजुरी कापायचे, त्याला डबल कट म्हणायचे. उचल घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या आपल्या ऊसतोड्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता पीठ. दोन वाट्या मैदा, मीठ, दोन चमचे तेल, कोमट येळवणीत सैलसर मळा (पिवळा रंग त्यातूनच येतो), अर्धा तास झाका. उंड्यात डाळीची भुकटी दाबून भरा, मैदा लावून पातळ लाटा. मध्यम तव्यावर तेलाचं बोट फिरवून दोन्हीकडून भाजा, डाग पडू देऊ नका, ही मऊच पाहिजे. भाजली की लगेच कापडात गुंडाळा.

खरी गंमत सोबतच्या कालवणात आहे. तिथं एक पुरी कुणी घेत नाही, जोडीच घेतात, आत डबल बीची रस्सा भाजी (त्याला ते ग्रो प्वा म्हणतेत, म्हणजे मोठा दाणा), वरून कोथिंबिरीची चटणी, मिरची आणि रुगाय. रुगाय म्हणजे कांदा, लसूण, आलं परतून त्यात टोमॅटो आटवायचे अन् थाइम नावाचा पाला टाकायचा, हा भाग फ्रेंच वळणाचा. फ्रेंच 1715 ला आले, 1810 ला इंग्रजांनी बेट घेतलं अन् 1968 पर्यंत राज्य केलं, पण बाजारातली बोली क्रिओलच राहिली, शब्द फ्रेंच अन् घडवली आफ्रिका-मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी. आणि त्याच देशात गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असती! थाइम आपल्याकडं सहज मिळत नाही, मी चिमूटभर ओवा चुरून टाकते, चव सेम येत नाही पण वास जवळपास जातो. शेंगदाण्याचा कूट मात्र टाकू नका, हात शिवशिवतो माहितीये, पण नाही.

दोन पुऱ्या एकावर एक ठेवा, मधोमध भाजी, गुंडाळी करून हातातच खा, ताट लागत नाही. येळवणी उरली असेल तर तिला काळा मसाला अन् चिंच घालून आमटी करा, सासूबाईंनी दालपुरी बाजूला सारून तीच भाकरीसोबत खाल्ली.