टकर, फुलर, वॉकर : इंग्लिश आडनावाचं मूळ कसं शोधावं

टकर, फुलर आणि वॉकर ही तिन्ही इंग्लिश आडनावं एकाच धंद्यातून आली. विणून झालेलं लोकरी कापड विरळ आणि तेलकट असे. ते कुंडात घालून, शिळं मूत्र किंवा मुलतानी मातीसारखी तेल शोषणारी माती टाकून, पायांनी तुडवून घट्ट करत. हे काम करणाऱ्याला नैऋत्य इंग्लंडात, डेव्हन-सॉमरसेटकडे टकर म्हणत, आग्नेय इंग्लंडात फुलर आणि उत्तरेत वॉकर. म्हणजे आडनावावरून धंदा कळतो, मूळ प्रदेशाचा अंदाजही येतो. घराणं मात्र कळत नाही. असे कारागीर गावोगाव होते, त्यामुळे दोन टकर कुटुंबांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही. आयर्लंडमधले काही टकर तर मुळात ‘ओ टुआहर’ या गेलिक नावाचे. म्हणून अर्थापासून सुरुवात करू नका. ठाऊक असलेल्या माणसापासून एकेक पिढी मागे जा.

इंग्लंडात सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव, धंदा आणि आईचं माहेरचं आडनाव मिळतं. त्यावरून आईवडिलांचं लग्न शोधा. विवाहदाखल्यावर वधूवरांच्या वडिलांची नावं असतात. नोंदींची सूची तिमाहीवार असते आणि जन्मनोंदीला ४२ दिवसांची मुदत असल्याने डिसेंबरमधला जन्म पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत (जानेवारी ते मार्च) सापडू शकतो. एकाच गावात दोन जॉन टकर निघाले, तर जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कार्यालयाची ऑनलाइन सूची बघा. तिच्यात आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून आहे. जुन्या सूचीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच येतं. नोंद न करणाऱ्याला दंड होऊ लागला तो १८७५ पासून, त्यामुळे त्याआधीची एखादी नोंद नसेलच तर बाप्तिस्मा शोधा.

जनगणनेत १८५१ ची नोंद सर्वांत कामाची, कारण तिच्यात जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग, लिहिलेला असतो. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली उतरवली होती. ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. या वयावरून जन्मसाल ठरवलं की पुढचा सगळा शोध चुकतो.

पॅरिश कळला की चर्चच्या नोंदवह्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, पण सगळीकडच्या तेवढ्या जुन्या वह्या उरलेल्या नाहीत, आणि यादवी युद्धाच्या काळात, १६४२ ते १६६० दरम्यान, बऱ्याच ठिकाणी खंड पडलेला आहे. १७५४ पासून विवाहनोंदीवर वधूवरांची सही किंवा अंगठ्याऐवजी फुली असते. एकाच नावाची दोन माणसं वेगळी करायला सह्या ताडून बघण्यासारखा उपाय नाही. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून वहीतला ‘फेब्रुवारी १७१०’ म्हणजे आपला १७११. टिपणात १७१०/११ असंच लिहा, नाहीतर मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसेल. स्पेलिंगवर अडून बसू नका. कारकून ऐकू येईल तसं लिही: टूकर, टोकर, टौकर, सगळी रूपं तपासा.

डेव्हनमध्ये एक मोठी अडचण आहे. १९४२ च्या मे महिन्यात एक्सेटरवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात तिथल्या मृत्युपत्रांचा संग्रह जळाला. त्याची थोडी भरपाई दोन ठिकाणी होते: कॅंटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयातली मृत्युपत्रं लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, आणि १६४१-४२ च्या शपथयाद्यांत (प्रोटेस्टेशन रिटर्न्स) गावातल्या प्रौढ पुरुषांची नावं मिळतात.

१३७७ ते १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्यांपर्यंत अखंड साखळी क्वचितच पोचते. तिथला ‘टौकर’ खरोखर कापड तुडवणारा असू शकतो. मुलाचा धंदा वेगळा असूनही तो बापाचंच नाव लावत असेल, तरच ते आडनाव धरा.

वंशातला कोणी मुंबई इलाख्यात नोकरीला होता असं दिसलं, तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तराची एन/३ ही मालिका उघडा. इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तिच्यात आहेत.

‘टकर घराण्याचं मानचिन्ह’ (कोट ऑफ आर्म्स) म्हणून विकत मिळणारी चित्रं पुरावा म्हणून घेऊ नका. इंग्लंडात मानचिन्ह आडनावाला मिळत नाही; ते एका व्यक्तीला आणि साधारणपणे तिच्या पुरुषवंशातल्या थेट वंशजांना मिळतं.