मणका दबलाय: आईच्या उपचाराआधी करायची तयारी

साठी-सत्तरी ओलांडलेल्या बाईचा मणका बादली उचलताना, कधी नुसत्या खोकल्यानेही दबतो, तेव्हा दुखणं एका मणक्याचं असलं तरी आजार बहुधा सगळ्याच हाडांचा असतो, हाडं ठिसूळ होण्याचा (ऑस्टिओपोरोसिस). त्यामुळे तयारी दोन्हींची करायची.

आधी फाइल लावा. जुना एक्स-रे शोधाच. नव्याशेजारी तो धरला की कोणता मणका आत्ता दबला याचा अंदाज येतो. खात्री करायला एमआरआय लागू शकतो. पूर्वी मनगट किंवा खुबा मोडला होता का, पाळी कधी गेली, उंची किती घटली, हे लिहून न्या. स्टेरॉइड आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आठवणीने सांगा. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) आणि रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं) यांबद्दल विचारा. वजन उतरत असेल, ताप येत असेल किंवा आधी कॅन्सर झालेला असेल तर तेही सांगा, कारण मणका इतर कारणांनीही दबतो.

रिक्षा नको. गाडीत पुढची सीट थोडी मागे कलवून, कमरेला उशी देऊन न्या. मात्र पायातलं बळ गेलं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. आणि शेजारीपाजारी कितीही सांगोत, हाडवैद्याकडून पाठ चोळून किंवा मोडून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

घरात जमिनीवरचं अंथरूण उचला, पलंग द्या. उठताना आधी पूर्ण अंग एकदम कुशीवर, मग पाय खाली, मग हातावर जोर देऊन बसायचं. हे घरातल्या प्रत्येकाने शिकून घ्यावं. भारतीय शौचालय असेल तर कमोडची खुर्ची आणा. विळी, केरसुणी, पाण्याची कळशी तिच्या हातून काढून घ्या. दुखण्याच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते आणि कुंथल्याने पाठीवर ताण येतो, म्हणून इसबगोल आणावं का ते पहिल्याच भेटीत विचारा. पट्टा कसा, किती वेळ बांधायचा ते समजून घ्या. पूर्ण विश्रांती फार तर थोडे दिवस. पडून राहिल्याने हाडं आणखी विरतात.

मणक्यात सिमेंट भरण्याचा सल्ला मिळाला तर घाई नको. बहुतेकांचं दुखणं 6 ते 12 आठवड्यांत उतरतं. 2009 साली छापून आलेल्या दोन चाचण्यांत ज्यांच्यावर सिमेंट न भरता उपचाराचा नुसता देखावा केला त्या रुग्णांनाही सिमेंट भरलेल्यांइतकाच आराम पडला होता. तरीही औषधांना न जुमानणाऱ्या ताज्या फ्रॅक्चरमध्ये काही डॉक्टर ते सुचवतात. आईच्या बाबतीत नेमकं कशासाठी, ते विचारा.

मणक्याचं दुखणं थांबलं की हाडांचा उपचार राहून जातो, आणि दुसरा मणका दबतो. हाडांचं औषध सुरू होण्याआधी दात दाखवून घ्या. अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तेवढं बसवत नसेल तर तसं सांगा, वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रोनिक अ‍ॅसिड आहे. टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन ठरलं तर फ्रिजमध्ये जागा करा. डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी असतं आणि ते मध्येच बंद पडलं तर मणके पटापट दबू शकतात. पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि तिच्यासोबत जाणाऱ्या दोघांच्या फोनमध्येही टाका.