मैत्रीण जातीबद्दल बोलते तेव्हा ऐकायचं कसं

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आम्ही चौघी पुण्यात खोली शोधत होतो. एका घरी मालकीणबाईंनी चहा दिला, खोली दाखवली, भाडंही ठरलं. मग त्यांनी एकेकीचं आडनाव विचारलं. चौथीने आपलं सांगितलं आणि बाई म्हणाल्या, "ह्यांना विचारून कळवते." फोन आलाच नाही. दोन दिवसांनी ती मैत्रीण म्हणाली, "माझ्या आडनावामुळे गेली खोली." मी लगेच म्हणाले, "छे गं, पुण्यात कोण बघतं आता हे? जास्त भाडं देणारं मिळालं असेल कुणी." ती गप्प झाली. पुढे कित्येक वर्षं या विषयावर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आडनाव सांगताना ज्यांना कधी अडखळावं लागलं नाही, अशा माझ्यासारख्यांसाठी हे लिहिते आहे. अमेरिकेत काळ्या लोकांच्या बाजूने उभं राहू बघणाऱ्या गोऱ्यांनाही पहिल्यांदा हेच सांगितलं जातं, की आधी ऐकायला शिका. ही दोन दुःखं शेजारी ठेवून बघण्याची आपली रीत जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना, आणि १९७२मध्ये मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिलं ते तिथल्या ब्लॅक पँथरवरून. तिथला प्रश्न कातडीच्या रंगाचा, इथला जातीचा. दोन्ही एक नव्हेत. पण वरच्या पायरीवर जन्मलेल्याला कमी ऐकू येतं, हे दोन्हीकडे सारखंच.

आधी "खरंच?" गिळा

कुणी आपला अनुभव सांगायला लागलं की आपल्या तोंडून पहिला शब्द हाच निघतो. आपल्याला तो साधा वाटतो, पण त्या एका शब्दाने समोरची व्यक्ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाते. आता तिने पुरावा द्यायचा आणि आपण निकाल द्यायचा. "त्यांना तसं म्हणायचं नसेल", "आमच्या घरात कुणी जात मानत नाही", "अगं, मलाही एकदा असंच...", "तू तर त्यांच्यातली वाटतच नाहीस" ही सगळी त्याच जातकुळीतली वाक्यं आहेत. शेवटचं तर आपण कौतुक म्हणून बोलतो, आणि तेच सगळ्यात जास्त लागतं.

मग बोलायचं काय? "मग काय केलंस?" एवढं विचारा. आणि ती थांबली की, "मी काही करू, की नुसतं ऐकू?" ती नुसतं ऐक म्हणाली तर नुसतं ऐका. शांतता झाली तर होऊ द्या, ती भरून काढायचं काम आपलं नाही. आणि तिने सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय चार ठिकाणी सांगत सुटू नका, नाव गाळूनसुद्धा.

आपल्या घरातली भांडी बघा

माझ्या आजीच्या गावच्या घरी मागच्या पडवीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेली एक कपबशी उपडी घातलेली असायची. अंगण सारवायला येणारी बाई ती स्वतः काढून घ्यायची, आजी वरून चहा ओतायची, आणि पिऊन झाला की ती बाई कपबशी विसळून पुन्हा तिथेच ठेवायची. आजी प्रेमळ होती. त्या बाईच्या मुलीच्या लग्नात तिने लुगडं दिलं होतं. मी दहा वर्षं तो कोनाडा बघत होते आणि मला एकदाही प्रश्न पडला नाही.

तुमच्या घरात कामाला येणाऱ्या ताईंचा चहाचा पेला कुठे ठेवलेला असतो ते आज बघा. सोसायटीतल्या लिफ्टबाहेर काय पाटी आहे तेही बघा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, की गावात पाणी कुठून भरायचे, कोण कुठल्या विहिरीवर जायचं, आपली जमीन कोण कसायचं. जे सांगतील ते लिहून ठेवा. वाद नंतर घालता येईल.

अभ्यास स्वतःचा स्वतः करा

ऑफिसमधल्या दलित सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत तुम्हाला आरक्षण समजावून सांगायचं, ही त्याची नोकरी नव्हे. लिहिलेलं भरपूर आहे आणि फार पूर्वीपासून आहे. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं महाराष्ट्र शासनाने १९७९पासून खंडाखंडांनी काढली आहेत. दलित आत्मकथनं वाचायची तर बायकांनी लिहिलेल्यांपासून सुरुवात करा, असं मी सांगेन. घरातलं, चुलीजवळचं तिथे दिसतं.

आणि ६ डिसेंबरला दादरला जा. गर्दीची तक्रार आपण दरवर्षी ऐकतो. पण शिवाजी पार्कात पुस्तकांच्या दुकानांसमोर किती माणसं उभी असतात ते एकदा बघा. फोटो काढू नका. पुस्तकं विकत घ्या, रांगेत उभं राहा.

पुढे कोण, मागे कोण

१९२७ साली २० मार्चला बाबासाहेब हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले. तळं सगळ्यांना खुलं करायचा नगरपालिकेचा ठराव आधीच झाला होता, पण तो कागदावरच होता. त्या लढ्यात सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण माणसं बरोबर होती. डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव सहस्रबुद्ध्यांनी मांडला. ब्राह्मणांना बाजूला ठेवाल तर पाठिंबा देऊ, अशीही सूचना बाबासाहेबांपुढे आली होती. त्यांनी ती नाकारली. म्हणजे जागा आहे. आपापल्या गावातलं वजन या माणसांनी त्या कामाला लावलं, आणि पुढारपण ज्यांचं होतं त्यांच्याकडेच राहिलं.

ती नसते तेव्हा बोला

खरी परीक्षा ती समोर नसताना होते. लग्नाच्या पंगतीत, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, "सरकारी जावई" म्हणून सगळे हसतात तेव्हा. भाषण नको. "काका, हे मला आवडलं नाही, माझ्यासमोर नका बोलू," एवढं पुरे. काही दिवस अबोला होईल. घरमालकाने आडनाव विचारून एखादीला नाकारलं तर बाकीच्यांनीही ती खोली घेऊ नये. आणि नंतर तिला जाऊन "मी तुझ्यासाठी भांडले" असं सांगू नका.

प्रकरण मोठं असेल, अॅट्रॉसिटीची तक्रार करण्यासारखं, तर कर किंवा करू नको असं काही सांगू नका. १९८९चा कायदा आहे, पण त्यानंतरचे फेरे तिला घालायचे आहेत. तुम्ही तिथे असाल तर "मी साक्ष देईन" म्हणा, आणि तारखेला हजर राहा.

ती तुमची चूक दाखवेल. तेव्हा "चुकलं माझं" म्हणून थांबा. पुढे "पण" लावू नका. रडू आलं तर घरी येऊन रडा.

मागच्या वर्षी ती माझ्याकडे राहायला आली होती. रात्री मी त्या खोलीचा विषय काढला आणि म्हणाले, "तेव्हा चुकलं माझं. तुझं ऐकायला हवं होतं." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याआधी मी एकटीने चार खोल्या बघितल्या होत्या. तुमच्याबरोबर गेले तर मिळेल असं वाटलं होतं."

मी विचारलं, "मग काय केलंस?"

ती सांगत गेली. चहा दोनदा गरम करावा लागला.